आवाज घ्यायचा राहिला

माझ्या कॉम्प्युटरमध्ये माझी आई चालते, वाकते, पोतं उचलते, दमून पायरीवर बसते, दचकते, हसते. बोलतेसुद्धा. फक्त ती काय बोलते ते ऐकू येत नाही. तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. ती गेल्यावर घर पालथं घातलं, जुने फोन चार्ज करून बघितले, नातेवाइकांना विचारलं. नाही म्हणजे नाही.

मी अॅनिमेशन करते. म्हणजे नेमकं काय करते, हे सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत अजून कुणाला नीट कळलेलं नाही. समोरचे किराणावाले काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की ही कार्टून काढते. शेजारच्या काकूंना वाटतं मी मोबाइलमधले गेम बनवते, त्यामुळे त्यांच्या नातवाचे डोळे बिघडले ते माझ्यामुळेच. मी आता समजावत बसत नाही. चित्रं मी काढत नाहीच. समजा एखादं अस्वल असेल, तर ते दुसऱ्याच कुणीतरी कॉम्प्युटरवर घडवून पाठवलेलं असतं, त्याच्या अंगात हाडं-सांधे भरलेले असतात. माझ्याकडे येतं तेव्हा ते दोन्ही हात पसरून मख्ख चेहऱ्यानं उभं असतं. त्याला चालवायचं, बसवायचं, रुसवायचं, रडवायचं, हे माझं काम. आठवडाभर मान मोडेस्तोवर बसलं की पडद्यावर चार-सहा सेकंदांचं काहीतरी होतं, आणि पोरं नेमकी तेवढ्यात पाणी प्यायला उठतात.

बारावीनंतर सगळ्यांनी मला डी.एड. करायला सांगितलं होतं. तेव्हा नव्या पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावर अॅनिमेशनचा वर्ग निघाला होता. बाहेर मोठा बोर्ड, त्यावर उडी मारणारं हरिण आणि नोकरीची शंभर टक्के हमी. वडलांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांना हरिणावर भरवसा नव्हता आणि हमीवर तर मुळीच नव्हता. त्यांनी आईकडे बघितलं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती अक्कलकोटकडची, माहेरी सगळं कानडी. लग्नानंतर मराठी शिकली, आणि मग जन्मभर दोन्ही भाषा एकाच वाक्यात कालवून बोलली. ती म्हणाली, “शिकू दे की तिला. न्हाय जमलं तर दुकान हायच.” दुकान आहेच, हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा आशीर्वाद.

हमी अर्थातच खोटी निघाली. वर्गातल्या मुलांपैकी बहुतेक जण पुढे मोबाइलच्या दुकानात नाहीतर बँकेत गेले. मी पुण्यात दारोदार फिरून एका स्टुडिओत चिकटले. पहिली काही वर्षं दुसऱ्यांच्या कामातला कचरा काढण्यात गेली. कुणाच्या पात्राचा पाय जमिनीत रुतलाय, तो वर काढ. कुणाचा हात पोटातून आरपार गेलाय, तो बाहेर घे. मग हळूहळू मला पात्रं हलवायला मिळाली. आधी गर्दीतली, पाठमोरी, मग समोरची. ज्या दिवशी एका कोल्ह्याला पहिल्यांदा बोलतं केलं त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं. अव्वा म्हणाली, “कोल्हा बोलला? काय बोलला?” मी म्हटलं, इंग्लिशमध्ये काहीतरी. ती म्हणाली, मग काय उपयोग.

पुण्याच्या त्या स्टुडिओत एक रिकामी खोली होती, एका भिंतीला छतापर्यंत आरसा. पात्र हलवण्याआधी ती हालचाल आपण स्वतः करून बघायची आणि तिचं शूटिंग घ्यायचं, अशी आमच्या धंद्यातली रीत आहे. त्याला रेफरन्स म्हणतात. ढेरपोटे, टक्कल पडलेले, दोन-दोन मुलांचे बाप त्या खोलीत जाऊन मांजरासारखे रांगायचे, आणि बाहेर आले की गंभीरपणे चहा प्यायचे. शूटिंग झालं की त्या व्हिडिओच्या सुट्या फ्रेम करायच्या, म्हणजे एका सेकंदाचे चोवीस फोटो. ते फोटो पात्राच्या मागे लावायचे आणि बघत बघत काम करायचं. मूळ व्हिडिओ पुसून टाकायचा, कारण तो जागा खातो. फोटोंना आवाज नसतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. आम्हाला खांदा आधी हलतो की कंबर, एवढंच बघायचं असतं. पात्राच्या तोंडी कुणाचा आवाज जायचा ते दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं.

वडील गेले आणि पाठोपाठ लॉकडाऊन आला. स्टुडिओनं मशिनं घरी न्यायला सांगितलं. माझं मशिन भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर, पट्टा बांधून, सोलापूरला आलं. लॉकडाऊन उठला तरी मी परत गेले नाही. अव्वा एकटी होती, दुकान भाड्यानं दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीचा मलाही वीट आला होता. स्टुडिओला काम वेळेवर मिळाल्याशी कारण. मी मधल्या खोलीत टेबल टाकलं, इन्व्हर्टर बसवला आणि कामाला लागले.

तेव्हाच ते अस्वल माझ्या वाट्याला आलं. परदेशातल्या लहान मुलांची मालिका, त्यात एक जाडजूड मादी अस्वल, तिची बेकरी. तिची चाल मी स्वतः करून बघायला लागले. फोन पिठाच्या डब्यावर टेकवायचा आणि खोलीभर डुलत चालायचं. अव्वानं दारातून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. “काय गं, अंगात आलंय व्हय?” पण मला जमत नव्हतं. मी पहिल्यापासून काडी. अस्वल माझ्यासारखं चाललं की शेजाऱ्याच्या घरातून काहीतरी चोरून पळाल्यासारखं दिसायचं. शेवटी मी अव्वाला म्हटलं, “तू चालून दाखव की. मला जरा वजनदार माणूस पाहिजे.”

त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून ती मधल्या खोलीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “कुटून चालू?”

त्यानंतर ते आमचं रोजचंच झालं. अव्वा अस्वल झाली. ती पोतं उचलायची, खोटी पायरी म्हणून ठेवलेल्या पाटावर चढायची, भट्टीचा चटका बसल्यासारखा हात झटकायची. एका भागात अस्वलाला पिठाचा गोळा थापायचा होता. अव्वानं भाकरी थापली, दुसरं काही थापायला तिला येणार कसं. तळहातानं थाप, जरा फिरव, पुन्हा थाप. मी अस्वलाकडून तेच करून घेतलं. आमच्या सुपरवायझरांनी लिहून पाठवलं की परदेशात ब्रेड असा करत नाहीत, पण हे फारच गोड दिसतंय, राहू दे. तेव्हापासून तिकडची मुलं एका अस्वलाला ज्वारीची भाकरी थापताना बघतात आणि त्यांना ते ठाऊकही नाही. अव्वाला हे सांगितल्यावर ती दिवसभर खुशीत होती. देवळात सांगून आली.

ती गप्प राहून काही करायचीच नाही. पोतं उचलता उचलता भाजीवाल्याचं गाऱ्हाणं, पाटावर चढता चढता मावशीच्या सुनेची तक्रार, मध्येच कानडी, मध्येच मला टोमणा. मी चार-चार वेळा तेच करायला लावलं की म्हणायची, “मऊ लागलं म्हनून कोपरानं खणायलीस व्हय गं?” आणि तरीही परत करायची. सुरुवातीला तिला संकोच वाटायचा की आपलं हे असलं बोलणं परदेशात ऐकतील. मी सांगितलं, “बिनधास्त बोल अव्वा. आवाज आपण घेत नाही.”

हे मीच तिला सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळी व्हिडिओच्या फ्रेम व्हायच्या, व्हिडिओ पुसला जायचा, आणि तिचं ते सगळं बोलणं त्याबरोबर जायचं. ती मागे स्वयंपाकघरात बोलतच असायची. जे पुसलं ते शेजारच्या खोलीत जिवंत होतं, मग जपून ठेवायचं कुणी मनात आणतं?

पुढच्या वर्षी मालिकेचे नवे भाग आले. पुन्हा पोतं, पुन्हा पायऱ्या. मी पहिलाच शॉट पाठवला आणि सुपरवायझरांचं उत्तर आलं की अस्वल हलकं वाटतंय, मागच्यासारखं भरीव नाही, एकदा तपासा. मला राग आला. इतक्या वर्षांनी मला अस्वल शिकवणार? मी गेल्या वर्षीच्या फ्रेम काढल्या आणि या वर्षीच्या फ्रेमशेजारी ठेवल्या. तीच खोली, तोच पिठाचा डबा, फोनही त्याच जागी. गेल्या वर्षी अव्वा भिंतीपाशी उभी राहिली की तिच्या खांद्याआड विजेचा बोर्ड पूर्ण झाकला जायचा. या वर्षी बोर्ड दिसत होता. तिन्ही बटणं दिसत होती.

रोज समोर असलेलं माणूस आटत जातं तेव्हा दिसत नाही, असं सगळे म्हणतात. मला दिसलं, पण असं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. ती कट्ट्याला टेकून शेंगा निवडत होती. मी म्हटलं, “अव्वा, तुला बरं न्हाय का?” ती म्हणाली, “पोटात जरा दुकतंय. तुजं अस्वल झालं का?”

डॉक्टर, तपासण्या, मग बार्शीचं कॅन्सरचं हॉस्पिटल. बार्शीला आम्ही एसटीनं जायचो. गाडीत तिला मळमळायचं. खिडकीशी बसून ती वैरागपर्यंत बोलायची आणि पुढं झोपायची. दोन फेऱ्यांच्या मध्ये बरं वाटलं की म्हणायची, “चल, काय करायचंय ते करून घे.” मी नको म्हणायचे. ती हट्टाला पेटायची. कमरेला उशी बांधून उभी राहायची, जाड दिसायला, आणि आम्ही दोघी हसायचो. हसून झालं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचे. तिला कळत होतंच. मी बाहेर आले की ती मुद्दाम मोठ्यानं कशाबद्दल तरी कुरकुर करायची.

थंडी संपता संपता ती गेली. आमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात. ती इतकी लहान झाली होती की बसवायला उचलताना कुणाला जोर लावावा लागला नाही. मी बघत होते, आणि माझं डोकं त्याही वेळी खांदा आधी की मान आधी, हेच बघत होतं. या धंद्यानं डोळ्याला लावलेली ही सवय कुठंच सुटत नाही. मला माझीच किळस आली.

कामाला सुट्टी नव्हती. भाग पूर्ण करायचे होते, अस्वल तसंच हात पसरून उभं होतं. मी जुन्या फ्रेम मागे लावून काम उरकलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मालिका संपली तेव्हा मला बढती मिळाली. आता माझ्या हाताखाली काही मुलं आहेत, त्यांच्या पात्रांची हालचाल मी तपासते. करिअर म्हणतात ते हेच असावं. शेवटच्या नामावळीत माझं नाव येतं, कुणाला वाचता येऊ नये इतक्या वेगानं. ते बघायला घरात कुणी नसतं, म्हणून मी ती मालिका टीव्हीवर कधी लावलीच नाही.

आवाजाची आठवण पहिले काही आठवडे आली नाही, कारण तो कानात होता. मग एका दुपारी भाजीवाल्याची आरोळी आली आणि त्यावर अव्वा काय ओरडायची ते मला आठवलं. शब्द आठवले, पण सूर येईना. मी घाबरले. शोधाशोध तेव्हा सुरू केली. तिचा फोन बटणांचा होता. माझ्या फोनवर ती असायची ती कामापुरती, आणि काम झालं की पुसलेली. एका लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते, पण मागे बँड इतका जोरात की वरमाईसुद्धा ऐकू येत नाही. माझ्या हाताखालच्या एका मुलानं फार प्रेमानं सांगितलं, “ताई, आता थोडासा नमुना असला तरी आवाज बनवता येतो.” थोडासा नमुनाच तर नव्हता.

मग मी फ्रेम घेऊन बसले. ओठ हलवणं हे माझंच काम आहे. एरवी आवाज आधी येतो, तो ऐकून आम्ही ओठ मिटवतो, उघडतो, गोल करतो. मला वाटलं, उलटं करून बघू. ओठांवरून शब्द काढू. पण मिटलेले ओठ प साठीही मिटतात, ब साठीही आणि म साठीही. कितीतरी अक्षरं घशात होतात, ती बाहेर दिसतच नाहीत. त्यात निम्मं कानडी. मला कानडी समजायचं ते तिच्या तोंडून ऐकल्यावर. नुसत्या ओठांवर मला काही कळेना. मी सोडून दिलं.

अव्वाला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मठातल्या स्वामींना जेवायला बोलावलं होतं. मावशी गावाहून आदल्या दिवशीच आली. ती अव्वाची धाकटी बहीण, तिला अक्का म्हणणारी. स्वामी जेवून गेले, भांडी घासून झाली, आणि मावशी मधल्या खोलीत येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, “अक्का तुज्या मशिनीत हाय म्हंत्यात. मला दाव की.”

मी एक पोत्याची फाइल लावली. पहिल्या वर्षातली, ती जाड होती तेव्हाची. अव्वा वाकते, पोतं उचलते, खाली ठेवते, कपाळावरचा घाम पदरानं टिपते, फोनच्या जरा बाजूला, म्हणजे मी उभी असायचे तिकडे बघत काहीतरी बोलते, आणि हसते. एवढंच.

मावशीनं खुर्ची ओढली. “काय म्हनायली?”

“आवाज नाही मावशी. आम्ही आवाज घेत नाही.”

तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ती अव्वाच्या ओठांकडे बघत होती. अव्वानं घाम टिपला, बोलली, आणि मावशी एकदम म्हणाली, “व्हय अक्का, लई उकडायलंय बग.”

तिच्या तोंडून ते अगदी सहज आलं. पडद्यावर अव्वा हसली. मावशी पण हसली.

आमच्याकडे फाइल चालू केली की ती संपत नाही; शेवटच्या फ्रेमवरून आपोआप पहिलीवर येते, म्हणजे हालचाल पुन्हा पुन्हा बघता येते. मावशीला हे माहीत नव्हतं. अव्वा पुन्हा वाकली, पोतं उचललं, घाम टिपला, बोलली. मावशी म्हणाली, “आमच्याकडं बी तसंच की. इहिरीला पानी न्हाय.” अव्वा हसली. पुन्हा पोतं. मावशीनं तिला सुनेला दिवस गेल्याचं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. मध्ये कानडीत काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबली. अव्वा पोतं उचलत होती. मग घाम टिपला, बोलली, हसली.

मावशीचा चेहरा हळूहळू बदलला. ती पुढे सरकली, पडद्याच्या अगदी जवळ. आणखी दोनदा तिनं नुसतं बघितलं.

“तेच तेच म्हनायली की गं,” ती म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे वळून बघितलं.

“फुडचं लाव की. मी इचारल्यालं तिला सांगू दे.”

“पुढचं नाही मावशी. हे एवढंच आहे.”

ती खुर्चीत मागे टेकली. पदर तोंडाला लावून, आवाज न करता ती रडली. मलाही आता बघवेना. मी बंद करायला माउसकडे हात नेला, तशी तिनं माझं मनगट धरलं. “ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “म्हनू दे तिला.”

आम्ही दोघी बसलो. अव्वानं पोतं खाली ठेवलं, पदरानं घाम टिपला, ओठ हलवले. मावशीनं नाक पुसलं आणि म्हणाली, “व्हय अक्का, लई उकडायलंय बग.” अव्वा हसली. पुन्हा वाकली, पोतं उचललं, घाम टिपला, बोलली. आणि मावशी पुन्हा म्हणाली, “व्हय अक्का, लई उकडायलंय बग.”